बेळगावचे राज्यमंत्री आणि ड्रॉवरात पडलेला आमचा अर्ज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या २३ सप्टेंबरला आपले बेळगावचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांना जाऊन पाच वर्षं झाली, त्या निमित्ताने तुमच्या पानावर दोन वाचकांची पत्रं आली. एकात लिहिलंय की दिल्लीत मंत्री झालेले ते बेळगावचे पहिलेच खासदार. दुसऱ्यात लिहिलंय की राज्यमंत्री म्हणजे शोभेचं पद, फाइलवर वरच्या मंत्र्याने सही करायची आणि ह्याने फीत कापायची, तर मराठी माणसाने त्यांची आठवण काढायची गरज काय. पहिलं पत्र चुकीचं आहे आणि दुसरं अर्धं बरोबर आहे, म्हणून लिहायला बसलो. लांबलं तर कापा, पण शेवटचा भाग कापू नका एवढीच विनंती.

आधीच सांगून टाकतो, मी समितीचा, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा, मतदार. अंगडी २००४, २००९, २०१४ आणि २०१९ असे चार वेळा निवडून आले आणि चारही वेळा माझं मत त्यांना नव्हतं. त्यामुळे हे पत्र कुणाच्या गौरवासाठी लिहितोय असं कुणी समजू नये.

पहिल्या मंत्र्याचं आधी बघू. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत बेळगाव उत्तरमधून काँग्रेसचे बळवंत नागेश दातार निवडून गेले, मग ५७ ला आणि ६२ लाही. आधी गृहखात्यात उपमंत्री, नंतर त्याच खात्यात राज्यमंत्री, आणि १९६३ ला वारले तेही पदावर असतानाच. आता गृहखातं म्हटलं की कुठलं वर्ष आठवतं बघा. राज्य पुनर्रचनेचं सगळं कामकाज त्याच खात्यातून चाललं होतं, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा बेळगावचा खासदार त्याच खात्यात मंत्री होता. आडनाव दातार! आमच्या वडिलांच्या पिढीतली माणसं हे नाव काढलं की गप्प बसायची, मला लहानपणी कळायचं नाही का ते. एका राज्यमंत्र्याच्या हातात तेव्हा कितपत होतं हा वेगळा विषय, पण आडनावावरून माणूस आपला की परका ते ठरवायची जी आपल्याला खोड आहे ना, तिला हे एक उदाहरण पुरे आहे.

दातारांनंतर बाबागौडा पाटील. शेतकरी चळवळीतले, १९९८ ला भाजपकडून निवडून आले आणि वाजपेयींच्या सरकारात ग्रामीण विकास खात्याचे राज्यमंत्री झाले. सरकार वर्षभरात पडलं, त्यामुळे लोकांना ते मंत्री म्हणून फारसे आठवत नाहीत. म्हणजे अंगडी हे पहिले नव्हते, पण रेल्वेसारखं गल्लीतल्या माणसाला रोज लागणारं खातं मात्र बेळगावच्या खासदाराला अंगडींच्याच वेळी मिळालं.

आता अंगडींचं. बेळगाव तालुक्यातल्या के. के. कोप्पचा माणूस, जन्म १९५५, बेळगावातच कॉमर्स आणि लॉ शिकलेले, पक्षात तालुक्याच्या उपाध्यक्षपदापासून जिल्हाध्यक्षपदापर्यंत चढत गेलेले. २००४ ला तिकीट मिळालं आणि काँग्रेसच्या अमरसिंह पाटलांना पाडून पहिल्याच फटक्यात निवडून आले. (ह्याच वर्षी महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात घातला. तो दावा अजून तिथेच आहे, मध्ये चार लोकसभा येऊन गेल्या.) त्यांच्या आधी एस. बी. सिदनाळ यांनीच बेळगावातून चार वेळा निवडून यायचा पराक्रम केला होता. पण चौदा-पंधरा वर्षं अंगडी तसे मागच्या बाकावरचेच खासदार, इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, लग्नमुंजीला हजर, एवढीच ओळख. २०१९ ला ३ लाख ९१ हजारांच्या फरकाने जिंकले आणि ३० मे ला शपथविधीच्या यादीत त्यांचं नाव आलं तेव्हा आमच्या कट्ट्यावर पहिली प्रतिक्रिया होती, "कोण, आपले अंगडी?"

त्या निवडणुकीत आपण काय करत होतो तेही लिहायला पाहिजे. बेळगावात ५७ उमेदवार होते, त्यातले बरेचसे आपल्याच समितीने उभे केलेले, देशाचं लक्ष सीमाप्रश्नाकडे जावं म्हणून. 'नोटा' (वरीलपैकी कुणीही नाही) धरून ५८ बटणं, मशीनला चार चार युनिटं जोडलेली. हे आपलं जुनं शस्त्र. १९९६ ला तर तब्बल ४५६ उमेदवार होते बेळगावात, मी तेव्हा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला होतो, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर मतदानाला गेलो तर आपलं चिन्ह सापडेपर्यंत मागची रांग ओरडायला लागली. त्या वर्षी देशात एकदोन ठिकाणी असंच झालं आणि पुढे सरकारने लोकसभेचं डिपॉझिट ५०० वरून १०,००० केलं. म्हणजे कायदा बदलायला लावला आपण, पण तो डिपॉझिटचा. हे मी चेष्टेने म्हणत नाही, त्या ४५६ मध्ये माझ्या ओळखीचे पाच-सहा जण होते आणि त्यांनी पदरचे पैसे घातले होते.

तर राज्यमंत्री म्हणजे काय. दुसऱ्या पत्रलेखकाचं अर्धं बरोबर म्हटलं ते इथे. कॅबिनेटच्या बैठकीत राज्यमंत्र्याला बोलावलं तरच जायचं असतं, कॅबिनेट मंत्री जेवढं काम वाटून देईल तेवढ्याच फाइली त्याच्याकडे, सभागृहात उत्तरं द्यायची आणि दौरे करायचे. अंगडींच्या वर पीयूष गोयल होते. अर्थसंकल्प, मोठे करार, सगळं तिकडे. पण सरकारी ऑफिसात काम केलेला कुठलाही शिपाई सांगेल की साहेबाच्या शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने एखादी फाइल "हे जरा बघा" म्हणून तीनदा विचारली की ती ढिगाच्या वर येते. राज्यमंत्र्याची पॉवर एवढीच आणि ती कमी नाही. रेल्वेत तर मी म्हणेन भरपूर आहे, कारण कुठली गाडी कुठून सुटणार, कुठे थांबणार, डबे किती, असल्या गोष्टी कॅबिनेटपर्यंत जात नाहीत.

पुरावा पाहिजे तर बघा. मे अखेर शपथ आणि जून अखेर बेळगाव-बेंगळुरू सुपरफास्ट सुरू. एका महिन्यात. माझा मुलगा २०१७ पासून बेंगळुरात नोकरीला. आधी आम्हाला राणी चन्नम्मा एक्सप्रेस हाच आधार, ती मागून भरून यायची, दिवाळीला वेटिंग दीडशेच्या पुढे, मग प्रायव्हेट बसवाले मनाला येईल तो रेट सांगणार. जुलैमध्ये पहिल्यांदा ह्या नव्या गाडीने निघालो. बेळगाव स्टेशनवर रात्री गाडी आधीच लागलेली होती, रिकामी, पंखे चालू, डब्याला बाहेरून बेळगाव असं नाव. आयुष्यभर ह्या स्टेशनवर आम्ही धावत्या गाडीतच चढलो, दोन-पाच मिनिटांचा हॉल्ट, पोरं खिडकीतून आत टाकायची. माझी बायको बर्थवर चादर घालून बसली, डबा उघडला, जेवली आणि मग गाडी सुटली. "घरात बसल्यासारखं वाटायलंय ओ," म्हणाली. समितीचं घर आमचं, दारावर भगवा, आणि आम्ही अंगडींच्या गाडीत पोळीभाजी खातोय. सकाळी डोळे उघडले तर बेंगळुरू.

नंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती मला ह्या पत्राचा गाभा वाटते. अंगडींनंतर २०२१ ला रेल्वे राज्यमंत्री झाले रावसाहेब दानवे, जालन्याचे, अस्सल मराठी माणूस. त्यांच्या काळात, डिसेंबर २०२३ ला, जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. म्हणजे बेळगावचा माणूस बसला तर बेळगावातून गाडी सुटते आणि जालन्याचा बसला तर जालन्यातून, आणि दोन्ही गाड्या आपापल्या राज्याच्या राजधानीला जातात. कन्नड-मराठीचा संबंध नाही त्यात, खुर्चीतला माणूस आपल्या मतदारसंघाकडे बघतो आणि मतदारसंघातला जो येऊन मागेल त्याचं आधी होतं. मग प्रश्न येतो की आपण काय मागितलं?

माझी मुलगी कोल्हापुरात दिली आहे. बेळगाव-कोल्हापूर हायवेने शंभर-सव्वाशे किलोमीटर, दोन-अडीच तास. रेल्वेने जायचं तर घटप्रभा, रायबाग, कुडची करत मिरज, आणि मिरजेहून परत उलटं कोल्हापूर, असा वळसा. निपाणीवरून सरळ मार्ग व्हावा ही मागणी मी नोकरीला लागायच्या आधीपासून ऐकतोय. बस आहेत की मग रेल्वे कशाला, असं कुणी म्हणेल तर त्याने डिसेंबर २०२२ आठवावा, नाहीतर अगदी अलीकडचा २०२५ चा फेब्रुवारी. सीमेवर जरा काही पेटलं की पहिल्यांदा बस बंद होतात, इकडच्या तिकडे जात नाहीत आणि तिकडच्या इकडे येत नाहीत.

२०२२ च्या त्या डिसेंबरात माझी मुलगी बाळंतीण होती. बायकोने डिंकाचे लाडू केलेले, पितळी डब्यात, डबाच तीन किलोचा. बस कोगनोळीपर्यंतच, पुढे जाणार नाही म्हणून कंडक्टरने सगळ्यांना उतरवलं. टोलनाक्यापासून पुढे आम्ही वीस-पंचवीस माणसं रस्त्याच्या कडेने चालत निघालो, डोक्यावर गाठोडी, एक बाई पोराला कडेवर घेऊन, दोन्ही बाजूला पोलीस खुर्च्या टाकून बसलेले. दूधगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र, तिथून टेम्पोने कागल, कागलहून दुसरी गाडी. पुलावर मी डबा ह्या हातातून त्या हातात घेताना शेजारचा म्हातारा, निपाणीकडचा असावा, मला म्हणाला, "रेल्वे असती तर कोण काळं फासणार होतं ओ तिला?" बरोबर बोलला तो. बसच्या काचा फुटतात, पाटीला काळं फासतात, ड्रायव्हर-कंडक्टरला मार बसतो, पण त्याच दिवसांत मिरजेची गाडी मात्र रोजच्यासारखी चालू होती. सीमाभागातल्या मराठी माणसाला रेल्वे का पाहिजे ह्याचं ह्यापेक्षा मोठं कारण मला सुचत नाही, आणि हे कारण घेऊन आपण रेल्वे राज्यमंत्र्याच्या दारात गेलो नाही. तो मंत्री आपल्याच गावात राहायला असताना.

बेळगाव-धारवाड नव्या लाइनबद्दलही लिहायला पाहिजे नाहीतर पत्र एकतर्फी होईल. आताची लाइन खानापूर, लोंढा, अळणावर अशी जंगलातून फिरून जाते. कित्तूरवरून सरळ जाणारी ७३ किलोमीटरची, ९२७ कोटींची लाइन हा अंगडींचा ध्यास होता आणि त्यांच्याच काळात तिने जोर धरला. देसूर, कोप्प, बागेवाडी, कित्तूर असा मार्ग. कागदावर उत्तम. पण देसूर, नंदीहळ्ळी, गर्लगुंजी ह्या पट्ट्यातली जमीन म्हणजे पिकाऊ भाताची, आणि शेतकरी बहुतेक मराठी. माझ्या मेहुण्याचं शेत त्याच पट्ट्यात. खुणेचा दगड नेमका विहीर आणि गोठ्याच्या मधोमध आलाय, म्हणजे उद्या लाइन झाली तर बैल ह्या बाजूला आणि पाणी त्या बाजूला. तो रोज सकाळी त्या दगडावर बसून दात घासतो. पडीक माळावरून न्या म्हणून शेतकऱ्यांनी मोर्चे काढले, कोर्टात गेले. जमीन द्यायची राज्य सरकारने आणि रूळ टाकायचे रेल्वेने, त्यामुळे दिल्लीतल्या राज्यमंत्र्याचा हात जिथे संपतो तिथून पुढे सगळं अडकलं. आजही त्या लाइनवरून गाडी धावलेली नाही. मला स्वतःला वाटतं की अंगडी असते तर मार्ग थोडाफार सरकवून तोडगा निघाला असता, कारण ती गावं त्यांच्या रोजच्या फिरण्यातली, पण हे माझं वाटणं झालं. मेहुणा म्हणतो, "काय सरकवत नव्हते, तू गाडीत जेवलास म्हणून बोलतोस." असेल.

सप्टेंबर २०२० मध्ये ११ तारखेला अंगडींना कोविड निघाला, तब्येत बरी आहे असं त्यांनीच कळवलं होतं, आणि २३ ला दिल्लीत एम्समध्ये गेले. वय ६५. कोविडने गेलेले ते पहिले केंद्रीय मंत्री. बेळगावला आणू दिलं नाही, दिल्लीतच द्वारकेला दफन झालं. चार वेळा निवडून दिलेल्या गावाला तोंड बघायला मिळालं नाही, विरोधक असलो तरी त्या रात्री आमच्या घरात टीव्ही बंद करून सगळे नुसते बसले होते. मंत्रिपद मोजून सोळा महिने, त्यातले शेवटचे सहा लॉकडाऊनचे. पुढे २०२१ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी मंगला अंगडी जेमतेम ५,२४० मतांनी आल्या आणि समितीच्या उमेदवाराने १ लाख १७ हजारांवर मतं घेतली. विधानसभेत मात्र २०१८ ला आणि २०२३ ला आपला एकही आमदार नाही, २०१३ ला दोन होते, एके काळी चार-पाच असायचे. आमदार नाहीत पण लाखावर मतं आहेत, आणि ५ हजारांवर निकाल फिरतो. मी राजकारणी माणूस नाही तरी मला ह्या आकड्यांत काहीतरी दिसतं, पुढाऱ्यांना का दिसत नाही कोण जाणे.

आता तो अर्जाचा किस्सा, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. ऑगस्ट २०१९. बेंगळुरूची गाडी सुरू झालेली, आमच्या टिळकवाडीच्या गणेश मंडळात विषय निघाला की कोल्हापूरला सकाळी सुटून रात्री परत येणारी एक पॅसेंजर आणि मुंबईला बेळगावातूनच सुटणारी एक गाडी, अशा दोन मागण्या घेऊन अंगडींना भेटू. दहा-बारा जण जमलो, चहा झाला, मी अर्ज लिहायला घेतला. पहिलाच शब्द अडला. गावाचं नाव काय लिहायचं? बेळगाव की बेळगावी? २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी, अर्ज सरकारकडे जाणार. एकजण म्हणाला, "बेळगावी घातलं तर माझी सही नाही बगा." दुसरा म्हणाला, नाही घातलं तर अर्ज कचऱ्यात जाईल. मग अर्ज कुठल्या भाषेत ह्यावर अर्धा तास. मराठीत दिला तर त्यांना वाचता येतं की ओ, म्हणाला एक. वाचता येतं पण ऑफिसात इनवर्ड कोण करणार, म्हणाला दुसरा. इंग्रजीत देऊ म्हटलं तर तिसरा तडकला, म्हणजे मराठीची लाज वाटते काय तुम्हाला. रात्री साडेदहाला सगळे उठले, पुढच्या रविवारी बघू म्हणून. पुढच्या आठवड्यात तो मोठा पूर आला, मग गणपती, मग दिवाळी, मग मार्चमध्ये लॉकडाऊन. मी शीर्षकाची जागा कोरी सोडलेला तो कागद अजून माझ्या ड्रॉवरात आहे, त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे.

त्याच काळात दुसऱ्या लोकांनी गाड्या मागितल्या, थांबे मागितले, पूल मागितले. बेळगावचं नवीन स्टेशन आणि लोंढा-घटप्रभा डबल लाइनचं लोकार्पण फेब्रुवारी २०२३ ला पंतप्रधानांनी येऊन केलं, ती कामं चांगलीच झालीत, मी रोज संध्याकाळी फिरायला तिकडेच जातो. २०२४ पासून हुबळी-पुणे वंदे भारत आठवड्यातून तीन दिवस आपल्या स्टेशनवर थांबते हेही खरं. पण कोल्हापूरची सकाळची गाडी नाही ती नाहीच, आणि कुणी दिली नाही म्हणून ओरडायला मला तोंड नाही, कारण मागितल्याचा कागदच नाही आपल्याकडे.

तर आता असं केलंय. सध्या रेल्वे राज्यमंत्री व्ही. सोमण्णा, तेही कर्नाटकातलेच, तुमकूरचे खासदार. आपले खासदार जगदीश शेट्टर, अंगडींचे व्याहीच. नातवाकडून तोच अर्ज टाइप करून घेतला, मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, तीन वेगळे कागद एका पिनेत. मराठी कागदावर बेळगाव, कन्नडवर बेळगावी, इंग्रजीत नातवाने काय घातलंय ते मी मुद्दामच बघितलं नाही. मागण्या दोनच, त्यात एक जोडली आहे की देसूर पट्ट्यातली लाइन शक्य तिथे माळावरून न्यावी, मेहुण्याने त्याशिवाय सही करणार नाही म्हणून सांगितलं. आतापर्यंत ४१ सह्या झाल्यात. येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी पहिल्या रेल्वे गेटजवळ कागद घेऊन उभा असेन, ज्यांना करायची त्यांनी यावं, येताना आपापलं पेन आणावं, माझं मागच्या रविवारी कुणीतरी नेलं.

आपला,
एक जुना वाचक, टिळकवाडी, बेळगाव